ज्याचं त्यानं उचलावं

१

आम्रपालीचं पाकीट कपाटात नव्हतं.

सुभेदार लालासाहेबांनी सगळी पाकिटं टेबलावर काढली, एकेक हातात घेऊन वरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि पुन्हा कपाटात डोकं घातलं. बाकी सगळ्यांची होती. तिचं तेवढं नव्हतं.

"गेल्या गुरुवारी होतं की हितं," ते म्हणाले. "तू गावाला गेलीस त्याच दिवशी मी सोता चेक केलंय."

आम्रपाली टेबलाची कड धरून उभी होती. नागपूरच्या प्रवासानं तिचा चेहरा उतरला होता. "सर, येत्या सोमवारी मला पुण्यात हजर व्हायचंय. ओरिजिनल दाखवल्याशिवाय ते घेणार नाहीत. मागं दुसरी मुलगी वाट बघत बसलीय."

सत्त्याण्णव सालचा दसरा नुकताच होऊन गेला होता. सांगलीत विश्रामबागेत, कॉलेजच्या रस्त्याला, 'मोहिते डेटा सर्व्हिसेस' नावाचं आमचं ऑफिस होतं. साखर कारखान्यांना आणि पतसंस्थांना कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करून द्यायचं काम. मी तिथं हिशेब पाहायची. आज कॉम्प्युटर नातवंडांच्या खिशात आलाय, पण तेव्हा त्याच्या खोलीला एसी असायचा आणि आत जाताना देवळात जावं तशा चपला बाहेर काढाव्या लागायच्या. दारात पडलेल्या चपलांवरून मी ओळखायची, आज कोण कोण कामावर आहे. त्या तीन-चार वर्षांत किती चपला आल्या नि गेल्या. पोरं शिकायची, हाताला वळण लागायचं, की निघाली पुण्याला.

म्हणूनच ते कपाट. नोकरीला लागताना प्रत्येकानं तीन वर्षांचा करार करायचा आणि डिग्रीची, मार्कलिस्टांची मूळ कागदपत्रं पाकिटात घालून लालासाहेबांच्या, म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन आमच्या ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या सुभेदारांच्या ताब्यात द्यायची. आम्रपाली रणपिसेचा करार सप्टेंबरात संपला होता. राजीनामा मंजूर होता. नागपूरहून आली की पाकीट घेऊन जायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात मालक आले. वीरधवल मोहिते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. वय पस्तिशीचं, बोलणं साखरेसारखं.

"अरेरे! बाळा, काळजी करू नकोस," ते म्हणाले. "पोलीसबिलीस नकोत, घरातली गोष्ट आहे. आपण विद्यापीठातून डुप्लिकेट काढू. दोन-चार महिने लागतील, तोवर इथंच थांब. कारखान्याचा सीझन तोंडावर आलाय, वजनकाट्याचा प्रोग्रॅमही तुझ्याच हातून सुरू होईल. हे घर आहे तुझं."

आम्रपालीचे डोळे भरून आले. मला वाटलं, किती चांगला माणूस!

माझ्या मागं राजरत्न उभा होता. तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारा मुलगा. तो पुटपुटला, "आता ती कुठं जात नाही."

मी वळून पाहिलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता.

२

आम्रपाली ज्यांच्या घरी भाड्यानं राहायची, त्या नीलिमाताई वाघमारे सरकारी कामगार अधिकारी होत्या. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मुदतीआधी निवृत्ती घेतलेली. गिरणी, कारखाना, बिडीचं शेड, सगळीकडची भांडणं त्यांनी ऐकली होती. माझी त्यांची ओळख भाजीबाजारातली, पण पक्की.

दुपारीच त्या काठी टेकत ऑफिसात आल्या. दादा उठून उभे राहिले.

"मोहिते, मुलगी तक्रार द्यायला निघाली होती. मी म्हटलं, एक दिवस थांब. मला चार माणसांशी बोलू द्या. नाहीच सापडलं तर मग पोलीस."

दादांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं सरकवली. "बोला की ताई. आमच्याकडं लपवण्यासारखं काय आहे?"

ताईंनी आधी सुभेदारांच्या केबिनमधलं कपाट पाहिलं. कुलूप धड होतं, कडीला ओरखडा नव्हता. किल्ल्या दोनच. एक लालासाहेबांच्या जुडीत, दुसरी दादांकडं.

"तुमची किल्ली?" ताईंनी विचारलं.

"घरी ड्रॉवरमध्ये पडलेली असते. हे सगळं खातं सुभेदारच बघतात," दादा म्हणाले.

ताईंनी एकेक पाकीट उजेडात धरलं. राजरत्नच्या पाकिटापाशी त्या थांबल्या. आम्रपालीच्या पाकिटाला लागूनच ते ठेवलेलं असायचं. त्याच्या कडेवर बोटभर लाल डाग होता.

"कुंकू," मी म्हटलं. "परवाच्या शुक्रवारी खंडेनवमीची पूजा झाली ना ऑफिसात."

"पूजा कपाटात झाली?"

"नाही हो. पुढच्या हॉलमध्ये."

ताईंनी डागावर नख फिरवलं. भुकटी उडाली नाही. लाल रंग कागदात मुरून पलीकडच्या बाजूला उमटला होता.

मग त्या आम्रपालीला घेऊन बाहेर पायरीवर बसल्या. मीही गेले.

"सोडून का चाललीस, ते सांग. पगार सोडून दुसरं सांग."

आम्रपाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "इस्लामपूरजवळच्या कारखान्यात मी वजनकाट्याचा प्रोग्रॅम दाखवायला गेले होते. तो पहिल्यापासून मी लिहिलाय, ताई. गाडी काट्यावर आली की वजन आपोआप उमटतं, शेतकऱ्याच्या नावाला लागतं. सगळे संचालक बसलेले. दादांनी ओळख करून दिली, 'ही आमची ऑपरेटर.' स्क्रीन लागल्यावर वर नाव येतं, तेही त्यांचंच. मी काही बोलले नाही. घरी येऊन अर्ज लिहिला."

"आणि नागपूर?"

"दर वर्षी जातो आम्ही विजयादशमीला. आजोबा छप्पन साली दीक्षेला गेले होते. आता त्यांना धरून न्यावं लागतं. म्हणाले, या वर्षी शेवटचं. सुभेदारांनी रजा नाकारली. ऑफिसची पूजा आहे, सगळ्यांनी हजर पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, कापा पगार. राजरत्नलाही यायचं होतं. तो थांबला."

"म्हणजे पूजेच्या दिवशी तू नव्हतीस."

"नव्हते."

ताई उठल्या. "मग जे काही झालं, ते तुझ्या पाठीमागं, देवासमोर झालंय. बोलवा त्या राजरत्नला."

३

राजरत्न येऊन बसला तो हाताची घडी घालूनच.

"तू म्हणालास, ती आता कुठं जात नाही. खूश होतास?"

त्यानं माझ्याकडं एक जळजळीत नजर टाकली. "खूश? ताई, ती गेली की वजनकाटा माझ्या गळ्यात. बारा कारखान्यांचे फोन मला. ती राहिली तर माझंच बरं. पण मी ते हसून नाही म्हणालो. माझं पाकीटही त्याच कपाटात आहे. तिचं हरवू शकतं, तर माझं कशावरून परत मिळेल?"

"अंजना म्हणते, शुक्रवारी जेवणाच्या वेळी तू सुभेदारांच्या केबिनमध्ये होतास."

अंजना म्हणजे आमची टेलिफोनवरची मुलगी. तिच्या नजरेतून मांजरही सुटायचं नाही. ती दारातच उभी होती. "व्हय ताई, पानी न्यायला खाली आले तवा मी बघितलं की. आमी सगळी जेवायला गच्चीवर, आनि ह्यो हितं एकटाच."

राजरत्नचे कान लाल झाले. "घरी फोन करायला गेलो होतो. ऑफिसातून खासगी फोन करायला चिठ्ठी लागते, साहेबांची सही लागते. आई कोरेगावच्या स्टेशनावर माझी वाट बघत थांबली होती आदल्या दिवशी. तिला सांगायचं होतं की मी का आलो नाही." त्यानं हाताची घडी सोडली. "दाराची कडी वाजली म्हणून फोन ठेवला आणि मागच्या दारानं निघालो."

"कोण होतं?"

"बघितलं नाही. पावलांचा आवाजही नव्हता. पूजेमुळं सगळे अनवाणी होते."

तो गेल्यावर अंजना आत सरकली. "काकू, ह्याच्यावर लय इस्वास ठिवू नका. दोगं एकाच गाडीनं जानार होती. ती गेली, ह्यो राह्यला. राग येतोच की मानसाला."

"तुला पूजेचं सांगता येईल?" ताईंनी विचारलं. "मला त्यातलं काही माहीत नाही. पहिल्यापासून सांग."

अंजनाला हेच हवं होतं. दादांच्या आई अंबूबाई, म्हणजे सगळ्यांच्या आक्का, गावाकडून आल्या होत्या. घरातली जुनी तलवार लाल कापडात गुंडाळून आणली होती. पाटावर तेच कापड अंथरलं, मधे तलवार, आणि प्रत्येकानं आपापलं हत्यार भोवती ठेवायचं. कुणी फ्लॉपीचा डबा ठेवला, कुणी स्क्रू ड्रायव्हर. अंजनानं टेलिफोनचा रिसीव्हर काढून ठेवला, त्यावरून सगळे हसले. राजरत्ननं कीबोर्ड ठेवला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

"आनि सुभेदारांनी काय ठिवलं असंल? किल्ल्यांची जुडी! म्हनले, माजं हत्यार हेच."

मलाही हसू आलं. ताई हसल्या नाहीत.

"मग?"

"मग आक्कांनी कुंकू पान्यात कालवलं, वाटी दादांच्या हातात दिली नि एकेकाला बोट लावलं. लाल दोरा घेऊन समद्याला येढं दिलं, गाठ मारली. सोमवारपातूर कुनी हात लावायचा न्हाई म्हनल्या. आनि तितंच खुर्ची टाकून बसल्या, जेवायला सुदिक उठल्या न्हाईत. उपास व्हता त्यांचा."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी दोरा तोडला, ज्याचं त्यानं उचललं."

ताईंनी तिला जा म्हणून खूण केली. खिडकीतून बाहेर बघत त्या स्वतःशीच म्हणाल्या, "ज्याचं त्यानं."

"तशी रीत असते," मी म्हटलं. माझ्या माहेरीही हेच बघत मी मोठी झाले होते. त्यात विचारण्यासारखं काय, ते मला कळेना.

४

लालासाहेब ताठ बसले. मिशीला पीळ, शर्टाला इस्त्री.

"म्याडम, सरळ बोलतो. किल्ली माझी, जिम्मेदारी माझी. माल गेला तर चोर मी. लिहून घ्या."

"चोर कोण ते मी ठरवेन," ताई म्हणाल्या. "कपाट शेवटचं कधी उघडलं?"

"गुरुवारी. त्यानंतर आज, सगळ्यांसमोर."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी कसं उघडणार? जुडी पूजेत. आक्कांनी दोऱ्यात बांधलेली. सोमवारी मी सोता तोडला दोरा, सगळी पोरं साक्षीला हायत."

"रजा का नाकारलीत मुलांची?"

मिशी जरा खाली आली. "पलटणीत सणाला सगळे हजर लागतात. फॉल-इन म्हणजे फॉल-इन. एकाला सोडलं की दुसरा मागतो."

"पलटणीत दुसऱ्या धर्माचे जवान नव्हते?"

"होते की. त्यांच्या सणाला आमी..." लालासाहेब बोलता बोलता थांबले. बराच वेळ त्यांनी टेबलावरच्या त्या पाकिटांकडं पाहिलं. "त्यांच्या सणाला आमी त्यांची ड्युटी करायचो," ते हळू आवाजात म्हणाले.

ताईंनी ती पाकिटं एका बाजूला सारली. "एक विचारते. गेल्या तीन-चार वर्षांत एवढी मुलं गेली. जाताना एकाला तरी विचारलंत, का चाललास?"

"त्यात काय विचारायचं? पगार."

"आणि जी राहिलीत, त्यांना विचारलंत, का राहिलास?"

लालासाहेबांनी कपाटाकडं बोट केलं. बोट तसंच राहिलं आणि मग सावकाश खाली आलं.

दादांची केबिन शेवटी होती. भिंतीवर वाढदिवसांचे फोटो. प्रत्येक फोटोत दादा कुणाला तरी पेढा भरवताना. आम्हाला बघून त्यांनी चहा मागवला.

"मला तर वाईट वाटतंय ताई. मी या पोरांना भावंडांसारखं वागवतो. सुभेदार जरा कडक आहेत, मान्य. पण ते चोर नाहीत. राजरत्नचं मी काही बोलत नाही. तरुण पोरगा आहे."

"काही बोलत नाही म्हणता म्हणता बोललात," ताई म्हणाल्या. "पाकीट तुम्ही नेलंत का?"

दादा हसले. "आईशप्पथ सांगतो. ते पाकीट मी या इमारतीबाहेर नेलेलं नाही. माझ्या घरात ते नाही. हवं तर ड्रॉवर उघडून दाखवतो."

"मग गेलं कुठं?"

"आता काय सांगणार? निष्काळजीपणा तिचाही आहेच. एवढी मोलाची वस्तू. जिचं तिनं वेळेवर उचलायला हवं होतं."

चहा आला. मी कप उचलला. ताईंनी उचलला नाही. त्या दादांकडं पाहत होत्या, अगदी शांतपणे, जशी एखादी शिक्षिका फळ्यावरच्या उत्तराकडं पाहते.

"मोहिते, तुमच्या आई आता कुठं आहेत?"

दादांचा कप बशीत वाजला.

५

"अजून तरी तुम्ही उघड खोटं असं काही बोलला नाहीत," ताई म्हणाल्या. "म्हणून मला वेळ लागला."

"म्हणजे?"

"सुभेदारांनाही आत बोलवा. आम्रपालीलाही."

दोघं आले. ताईंनी राजरत्नचं पाकीट टेबलावर ठेवलं, डाग वर करून.

"हे कुंकू कागदात मुरलंय. सोमवारी पूजा उचलताना कुणाच्या बोटाला लागलं असतं तर ते कोरडं लागलं असतं, झटकलं की गेलं. हे ओलं होतं. म्हणजे कपाट उघडलं ते शुक्रवारी, पूजा झाल्या झाल्या, हातावरचं कुंकू सुकायच्या आत. बरोबर?"

लालासाहेबांनी पाकीट उचलून डाग उजेडात धरला.

"त्या वेळी सुभेदारांची किल्ली दोऱ्यात बांधलेली होती. समोर आक्का बसलेल्या. तो दोरा सोमवारी सगळ्यांसमोर तुटला. मग राहिली दुसरी किल्ली. ती घरी असते म्हणालात मोहिते, शुक्रवारी कुठं होती ते नाही सांगितलंत."

लालासाहेबांनी मान वळवून दादांकडं पाहिलं. पेढे भरवणारा हात मला आठवत होता.

"पण मला एक उलगडत नव्हतं," ताई पुढं म्हणाल्या. "चोरी करणारा हात पुसून जातो. हा माणूस हाताला कुंकू असतानाच घाईनं आला. म्हणजे तो चोरायला आला नव्हता. त्याला कुणीतरी पूजेतून उठवून पाठवलं होतं. पूजेत काय कमी होतं? एका माणसाचं हत्यार. सगळ्यांची होती, आम्रपाली गावाला. तिचं काहीच नव्हतं."

"आक्का!" लालासाहेब म्हणाले. "कुणाचं हत्यार पूजेतून चुकलं तर वर्षभर त्याचा हात चालत नाही, असं म्हणतात त्या."

"मला ते माहीत असायचं कारण नव्हतं. आमच्याकडं ही पूजा नाही. पण म्हणूनच एक शब्द माझ्या कानाला खटकला. बाकी सगळ्यांनी मला सांगितलं, पाकीट गेलं, हरवलं, नेलं. मोहिते एकटेच म्हणाले, जिचं तिनं *उचलायला* हवं होतं. कपाटात कुलपाखाली ठेवलेली वस्तू कोण कशी उचलणार? उचलायची असते ती पूजेतली. सोमवारी ज्याचं त्यानं उचललं. जी आली नव्हती, तिचं तिथंच तलवारीखाली, कापडाच्या घडीत राहिलं; ठेवलं तेव्हा सगळे गच्चीवर जेवत होते, म्हणून कुणाला दिसलं नाही. आणि तलवार गुंडाळताना तिच्याबरोबर गुंडाळलं गेलं."

मी डोळे मिटले. तोच शब्द मीही ऐकला होता, अंजनाच्या तोंडून आणि दादांच्याही. जन्मभर ऐकत आलेला शब्द. म्हणूनच तो माझ्या कानाला लागला नाही.

दादांनी कप बशीसकट दूर सारला. बोलले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच कोरडा होता.

"मी चोरलं नाही."

"नाही. आईंनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"पोरगी आली की सांग म्हणाली. गावाला येऊन घेऊन जा म्हणावं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." त्यांनी कपाळ चोळलं. "आज सकाळी सांगणारच होतो. आलो, तर हिनं आधीच कपाट उघडायला लावलं होतं. सगळे घाबरलेले. आणि मला वाटलं, चार महिनेच तर. सीझन पार पडेल. ताई, ही गेली तर बारा कारखाने माझ्या दारात येतील. मी कुणाला उभं करू?"

"मला विचारायचं होतं," आम्रपाली म्हणाली. पूर्ण दिवसात ती पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघून बोलली. "पंधरा दिवस थांबशील का, असं विचारलं असतंत तर मी पुण्याला फोन केला असता."

दादांनी मान वर केली नाही. त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुम्ही निरोप गिळलात," नीलिमाताई म्हणाल्या. "आता चला, गाडी काढा. ज्यांचा निरोप, त्यांच्यासमोर काय ते बोला."

६

इस्लामपूरच्या पुढं आत गेलं की मोहित्यांचं गाव. दोन्ही बाजूंनी ऊस, तुऱ्याला आलेला. जीप दादाच चालवत होते. आम्रपालीचे हात मांडीवर घट्ट धरलेले. पाकीट तिथं नसलं तर? आक्कांनी ते कुठं ठेवलं असेल, उंदरानं कुरतडलं असेल, हे सगळं माझ्याच मनात आलं, तर तिच्या मनात काय चाललं असेल.

अंबूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. काष्टा घातलेलं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. जीप बघून त्यांनी सूप बाजूला सारलं.

"आलीस व्हय गं? तूच न्हवं आम्रपाली? कवाची वाट बघतीया तुजी. तुजं हत्यार हाय हितं. म्या म्हनलं, पोरगी लय कामाची हाय म्हंत्यात, तिचं पूजेत न्हाई म्हंजी काय?"

त्यांनी देवघरातून लाल गुंडाळी आणली आणि आम्रपालीसमोर चटईवर उलगडली. तलवारीखाली तपकिरी पाकीट होतं.

"घे. मी न्हाई देनार. तुजं तूच उचल."

आम्रपालीनं वाकून ते उचललं. आतले कागद एकेक काढून पाहिले. डिग्रीच्या कागदावर, वरच्या कोपऱ्यात, एक बोट उमटलं होतं. लाल, ओलं असताना लावलेलं. ती त्याकडं बघत राहिली.

"आगं, फकस्त वरच लावनार हुते, पर आतलं बघू म्हनलं कसं असतंय," अंबूबाई ओशाळून म्हणाल्या. "मला वाचाया येत न्हाई. चुकलं का?"

आम्रपालीनं त्या ठशावर अलगद बोट टेकलं. मला भीती वाटली, आता ही रडणार की काय. पण ती म्हणाली, "राहू दे आक्का. आमच्या आजोबांनीही हा कागद पहिल्यांदा बघितला तेव्हा दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला होता."

"पर येवढं उशिरा का आलीस? ह्येनं तू गावास्नं आल्या आल्या निरोप दिला आसंल की."

अंबूबाईंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. मग मुलाच्या.

"दिला न्हाईस व्हय रं?"

"आई, सीझन..."

"निरोप दिलास का न्हाई, येवढंच इचारतीया."

"नाही."

म्हातारी खाली बसली. त्यांचे सासरे, दीर, सगळे पलटणीतले. भिंतीवर फोटो होते. बोलल्या त्या मुलाशी, पण नजर त्या फोटोंवर होती.

"हत्यार दडवून शिपाई ऱ्हातोय व्हय रं? तसला शिपाई ऱ्हायला तरी लढंल का तुज्यासाटी?"

वीरधवल मोहिते ओसरीच्या पायरीवर उभे होते. मग ते आम्रपालीकडं वळले. "चुकलो," म्हणाले. बाळा म्हणाले नाहीत.

सोमवारी आम्रपाली पुण्यात हजर झाली. तिथल्या माणसानं डिग्रीवरच्या लाल बोटाबद्दल विचारलं म्हणे. तिनं सांगितलं, गावाकडच्या एका बाईंची सही आहे.

त्याच आठवड्यात लालासाहेबांनी कपाट उघडलं, सगळ्यांना ओळीत उभं केलं (ती सवय काही सुटली नाही) आणि ज्याचं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यांतले दोघं दिवाळीनंतर निघून गेले. बाकीचे राहिले. राजरत्नही राहिला. का राहिलास, असं सुभेदारांनी त्याला खरंच विचारलं, आणि त्यानं दिलेलं उत्तर ऐकून पुढच्या वर्षी ऑफिसच्या सुट्ट्यांत विजयादशमीला नागपूरला जाणाऱ्यांसाठी चार जास्तीच्या सुट्ट्या आल्या. वजनकाट्याच्या स्क्रीनवर दादांच्या नावाखाली आम्रपालीचं आणि त्याचं नाव यायला मात्र बरेच दिवस लागले. दादांचा हात आखडता होता. पण आलं.

सीझन सुरू झाल्यावर प्रोग्रॅम एकदा अडला, तेव्हा आम्रपाली पुण्याहून रजा काढून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, राजरत्ननं फोनवर नुसतं सांगितलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर तिच्या चपला दिसल्या आणि मी उगाच दोनदा तिकडून फेरी मारली.

पुढच्या खंडेनवमीला अंबूबाई पुन्हा तलवार घेऊन आल्या. लाल कापड अंथरलं. लालासाहेबांनी खिशातून किल्ल्यांची जुडी काढून तलवारीशेजारी ठेवली. कपाट तेव्हा रिकामंच होतं, त्यात अंजनानं चहाचे कप ठेवायला सुरुवात केली होती. दोऱ्याचे वेढे पडले, कुंकू लागलं.

दसऱ्यानंतर दोरा तुटला. फ्लॉपीचा डबा गेला, कीबोर्ड गेला, रिसीव्हर गेला. लालासाहेब हात मागं बांधून उभे होते.

"सुबेदार, तुमचं राह्यलं की," अंबूबाई म्हणाल्या.

"राहू द्या आक्का," लालासाहेब म्हणाले.

दुसऱ्या कुणाला तर उचलता येत नव्हतं. रीतच तशी. अंबूबाईंनी जरा वेळ वाट पाहिली, आणि मग लाल कापडात तलवारीबरोबर ती जुडीही गुंडाळून घेतली.